बाहेरचा ठिपका

फुलदाणीखालच्या कार्डावर १९५७ लिहिलं होतं. सुमंतने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत घातला. १९५७च. "चूक आहे," तो म्हणाला, आणि शेजारी नात उभी होती म्हणून पुन्हा इंग्रजीत म्हणाला, "दॅट इज राँग." अनयाने वाकून कार्ड वाचलं. नेदरलँड्स, खाउदा गावची सजावटीची भांडी, मॅट काळं ग्लेझ, कोरलेली रेषा, मिरो आणि कोब्रा गटाच्या चित्रकारांचा प्रभाव स्पष्ट. तिने ते 'गूडा' असं वाचलं, चीजसारखं. एरवी सुमंतने तिला घसा खरवडून 'खाउदा' म्हणायला लावलं असतं, पण आज त्याचं लक्ष त्या चार आकड्यांवरून हलेना. सकाळी तिनेच फोन केला होता. आजोबा, आमच्या युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये तुमचा पॉट आलाय, युअर पॉट, सिरियसली, तयार राहा, मी न्यायला येते. आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरातून निघून नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत तो तिला सारखं विचारत होता, काळाच आहे ना, मान वाकडी आहे ना. भांडं तेच होतं. मान एका बाजूला कललेली, जणू कुणीतरी हाक मारल्यावर वळून पाहावं तशी. अंगावर पाटीसारखा कोरडा काळा रंग. त्यावर खरवडून काढलेली एक पांढरी रेषा, जी चार रंगीत ठिपक्यांना वळसे घालत जिथून निघाली तिथे परत येत होती. आणि पाचवा ठिपका, पिवळा, त्या रेषेच्या बाहेर एकटाच सोडून दिलेला. सगळं तेच. फक्त साल पाच वर्षं आधीचं. सुमंत खाउद्याला पोचला होता १९६२च्या सप्टेंबरात. तो पोचायच्या आधी हे भांडं असणं शक्यच नव्हतं, कारण ते चित्र त्याने तिथे नेलं होतं.

हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक की आता कुणी ते ऐकतही नसे. बनारसहून सिरॅमिकची पदवी घेतलेला सांगलीचा एक बावीस वर्षांचा मुलगा, एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर हॉलंडमधल्या फुलदाण्यांच्या कारखान्यात ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेरी लेपाच्या, प्रयोगशाळेत उमेदवारी करायला जातो. पहिली दिवाळी येते. खोलीत हीटर नाही, डाळ नाही, मराठी शब्द कानावर नाही. मग दुपारच्या सुट्टीत तो कारखान्याच्याच चित्रशाळेत जातो, पोत्यातली पांढरी चिनी माती चिमटीत घेतो, आणि लाल फरशीवर आईची रांगोळी काढतो. पाच ठिपके, एक न तुटणारी रेषा, एक ठिपका बाहेर. चितारणाऱ्या बायका ब्रश हातात धरून भोवती जमतात. त्यांची मुख्य डिझायनर, जिला सुमंत मनातल्या मनात कॉरीबाई म्हणायचा, चाळिशीची, उंच, ओठात कायम सिगरेट, ती येते, बघते, फार वेळ बघत राहते, आणि डच भाषेत एक वाक्य बोलते. छान दिसतंय, असं काहीतरी. पुढच्या वसंतात भट्टीतून काळ्या फुलदाण्यांची एक अख्खी मालिका बाहेर येते आणि तिच्या अंगावर सांगलीच्या गावभागातली रांगोळी असते. गोष्ट इथे संपायची. ऐकणारे 'वा' म्हणायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत, मुलीच्या, आसावरीच्या लग्नात, हॉस्पिटलात बायपासच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरलासुद्धा त्याने ती सांगितली होती. सांगताना तो कधी फुशारकी मारत नसे. उलट शेवटी खांदे उडवून म्हणे, माझं काय त्यात, आईचं होतं.

कारण त्याचं असं बाकी काहीच नव्हतं. न्यू जर्सीला येऊन एम.एस. केलं आणि मग सगळी नोकरी एकाच कंपनीत, वॉशबेसिन आणि कमोड. पांढरं ग्लेझ. तडा न जाणारं, डाग न धरणारं, ॲसिडने न उतरणारं पांढरं ग्लेझ. मंडळातले शैलेंद्र आणि कुमार त्याला प्रेमाने 'आमचे संडाससम्राट' म्हणायचे आणि तोही हसायचा. काम त्याने मन लावून केलं. पण फॅक्टरीच्या लाइनवरून एकसारखी पांढरी भांडी पुढे सरकताना त्याला कधीकधी वाटायचं, जगात कुठेतरी, कुणाच्या तरी खिडकीत, मान वाकडी केलेली एक काळी फुलदाणी आहे आणि तिच्यावर आपण आहोत. तेवढं पुरायचं. आसावरीने लग्नपत्रिकेवर गणपतीऐवजी तीच रेषा छापली. दिवाळीत ड्राइव्हवेवर तीच निघायची, आधी तो काढायचा, मग आसावरी, मग अनया. 'पणजीची रांगोळी.' आणि मागच्या वर्षी अनयाने ती मनगटावर गोंदवून घेतली तेव्हा आसावरी चिडली होती, त्याच्या बायकोने, वसुधाने, कपाळाला हात लावला होता, आणि सुमंतने बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं होतं, डोळे लाल दिसू नयेत म्हणून.

"आपण त्यांना सांगू," अनया म्हणाली. "दे शुड फिक्स इट." तिने खालच्या मजल्यावर जाऊन कुणाला तरी विचारलं, आणि थोड्या वेळाने म्युझियममधली एक तरुण बाई आली, सैल करडा कोट, केस पेन्सिलीत अडकवलेले. ती हसतमुख होती, आणि सुमंत बोलत असताना तिने एकदाही मध्येच तोडलं नाही. हेच त्याला आधी खटकलं. म्हाताऱ्यांचं असं ऐकतात. त्याने दिवाळी सांगितली, चिनी माती सांगितली, कॉरीबाईंची सिगरेट सांगितली. अनयाने मनगट पुढे केलं. बाईचे डोळे खरोखर चमकले. "ओ वाव," ती म्हणाली. मग तिने त्यांना तिच्या खोलीत नेलं, कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला, आणि एक फोटो मोठा केला. उत्रेख्तच्या व्यापारी जत्रेतला एक स्टॉल. मागे फळ्या. फळ्यांवर वाकड्या मानांच्या काळ्या फुलदाण्या, आणि अंगावर ती रेषा, आणि तो ठिपका. वर कापडी पट्टीवर जत्रेचं साल, १९५७. पुढे एक उंच बाई, ओठात सिगरेट, कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी बाजूला बघणारी. सुमंतने ती लगेच ओळखली. इतकी पटकन ओळखली की तोंडून आनंदाचा आवाज निघाला, आणि मग तो आवाज तसाच हवेत राहिला. ती फोटोत तरुण होती. त्याने तिला जेवढं तरुण कधीच पाहिलं नव्हतं, तेवढी.

"कदाचित तुम्ही तिच्या पुढच्या कामावर प्रभाव टाकला असेल," बाई म्हणाली. "असं पुष्कळदा दोन्ही बाजूंनी होतं." तिच्या आवाजात इतकी माया होती की सुमंतला टेबलावरचा स्टेपलर उचलून भिंतीवर मारावासा वाटला. त्याने 'थँक यू' म्हटलं. दोनदा म्हटलं.

परतीच्या वाटेवर गाडी अनया चालवत होती. बाही खाली ओढून तिने मनगट झाकलं होतं, किंवा नुसती थंडी असेल. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "आजोबा, ती काय म्हणाली होती तुम्हाला? डचमध्ये? एक्झॅक्टली?" त्याला ते वाक्य पाठ होतं. इतक्या वर्षांत झिजून त्याचा नुसता आवाज राहिला होता, मंत्रासारखा. 'या हेप्त खूत खकेकन.' अनयाने फोन त्याच्या तोंडापुढे धरला आणि त्याला परत म्हणायला लावलं. मग आणखी एकदा, हळू. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. ती निघाली, आणि फोन मांडीवर उताणा पडून राहिला. पुढच्या सिग्नलला तिने त्यावर आलेलं भाषांतर वाचलं आणि फोन उलटा ठेवला. "काय आहे?" त्याने विचारलं. "नथिंग. इट्स नाइस." "अनया, काय लिहिलंय?" ती समोर बघत म्हणाली, "इट सेज, यू लुक्ड केअरफुली. नीट बघितलंस तू. असं."

'छान दिसतंय' नाही, 'नीट बघितलंस'. एका क्रियापदाचा फरक. त्याच्या अर्ध्याकच्च्या डचमध्ये तो शब्द 'दिसणं' असा बसला होता. आता त्याला सगळं उलट बाजूने दिसायला लागलं, आणि ते थांबवता येईना. बायका भोवती जमल्या होत्या त्या हसत होत्या. तो कौतुकाचं हसणं समजला होता. त्या हसत होत्या कारण त्यांच्या प्रयोगशाळेतला गबाळा हिंदी पोरगा जमिनीवर बसून त्यांचीच फुलदाणी काढत होता. ज्या फुलदाण्या तो सप्टेंबरपासून रोज ये-जा करताना फळ्यांवर बघत होता, ज्यांच्या काळ्या ग्लेझला पिनेच्या टोकाएवढी भोकं का पडतात हे शोधायला त्याला बसवलं होतं, ज्या हातात धरून, उलट्या करून, भिंगाखाली घालून त्याने ओळखीच्या केल्या होत्या. नीट बघितलंस. कॉरीबाई त्याचा गृहपाठ तपासत होती. आणि पुढच्या वसंतात भट्टीतून निघालेली मालिका? ती आधीपासूनच निघत होती. दर वसंतात निघत होती. ग्लेझमधल्या भोकांपलीकडे जाऊन तिच्यावरचं चित्र त्याने पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं एवढंच.

घरी वसुधा चकल्या पाडत होती. स्वयंपाकघरभर तेलाचा वास, एक्झॉस्ट घरघरतोय, आणि तिचा सोऱ्या फिरवणारा हात न थांबता चाललेला. त्याने कोट न काढताच सांगितलं. सगळं, फोटोसकट. तिने कढईतल्या चकल्या उलटल्या. "बरं मग?" ती म्हणाली. "बरं मग काय? ती आईची रांगोळी नाहीये. डच आहे. तीही नाही, पॅरिसमधल्या कुणाचं तरी बघून तिने काढलेली." "अहो, पण इतकी वर्षं आपल्या दारात आपणच काढतोय ना? मग आपलीच झाली." "तसं नसतं ते." "मग कसं असतं?" तो हात धुवायला बेसिनशी गेला, आणि बेसिन त्याच्याच कंपनीचं होतं, त्याच्याच ग्लेझचं, एक डाग नसलेलं. मागून वसुधा म्हणाली, "एक सांगू का? मला ते कधी फार खरं वाटलं नव्हतं." तो वळला. "म्हणजे?" "म्हणजे तुमच्या आई असताना आपण जायचो सांगलीला. मी कधी त्यांना रांगोळी काढताना बघितलंच नाही. गुडघे धरायच्या त्या. मला वाटलं, पूर्वी काढत असतील." "मग बोलली का नाहीस?" "काय बोलायचं? तुम्ही एवढे खूश असायचात ते सांगताना." आणि तिने नवीन घाणा सोडला, तेल चुरचुरलं, आणि त्या आवाजात पुढचं भांडण बुडून गेलं. संध्याकाळी आसावरीचा फोन आला. अनयाने सांगितलं असणार. "बाबा, व्हॉट इज द बिग डील? आर्टमध्ये सगळंच असं असतं. आणि इट्स अ बेटर स्टोरी, ऑनेस्टली, जास्त इंटरेस्टिंग आहे. मंडळात हेच सांगा ना, सावनीने तुमचं टॉक ठेवलंय ना दिवाळीच्या कार्यक्रमात?" ठेवलं होतं. सुमंतने त्याच मिनिटाला सावनीला फोन लावून टॉक कॅन्सल केलं, घसा बसलाय म्हणून. सावनी म्हणाली, "काका, हळदीचं दूध घ्या आणि आरामात सांगा, तुमची ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, मध्येच अडलात तर आम्ही पूर्ण करू."

कुणालाच काही वाटत नव्हतं. याचाच त्याला सगळ्यात जास्त त्रास होत होता. कुणी म्हटलं असतं, खोटारडा आहेस, तर तो भांडला असता. सगळे त्याला समजून घेत होते, पाठीवरून हात फिरवत होते, आणि त्या मऊपणात त्याचा राग नुसता रुतत होता. पुढचे काही दिवस तो गॅरेजमध्ये जाऊन बसायला लागला. दार खाली ओढून घ्यायचा. सिमेंटच्या जमिनीवर खडूने ठिपके द्यायचा आणि डोळे मिटून आईची खरी रांगोळी आठवायचा. ती होतीच. सकाळी दात घासत तो उंबऱ्याशी यायचा तेव्हा खाली ओलसर सडा आणि त्यावर पांढरं काहीतरी असायचं. पांढरं होतं, ताजं होतं, आणि पाय पडू नये म्हणून त्यावरून उडी मारायला लागायची. पण काय होतं? कमळ? गोपद्म? त्याने खडू टेकवला की हात आपोआप वळायचा, पहिल्या ठिपक्याला वळसा, दुसऱ्याला, आणि चौथ्यानंतर परत. पुसायचा. सरळ रेषेने सुरुवात करायचा. रेषा थोडी पुढे जाऊन वाकायची. त्या बाईने त्याच्या मनगटात काही बसवून दिलं होतं आणि खालचं सगळं उपसून टाकलं होतं, किंवा खाली कधी काही नव्हतंच. त्याने खडू आपटला. तो तुटला नाही. लहान मुलांचा जाडा खडू होता.

आणि ज्याला बोलावत होता ते न येता भलतंच यायचं. त्या हिवाळ्यात कालवे गोठले होते. म्हातारी माणसंसुद्धा कामाला स्केट्सवर यायची. एका रविवारी कॉरीबाई चित्रशाळेतल्या सगळ्यांना आम्स्टरडॅमला चित्रं दाखवायला घेऊन गेली होती आणि सुमंतलाही ओढून नेलं होतं. त्याचे पाय बुटांत गोठले होते. भिंतींवर लहान मुलांनी रागात फासल्यासारखी चित्रं होती, डोळे, पक्षी, राक्षस. ती एका चित्रापुढे उभी राहून आंगठा हवेत फिरवत होती, रेषेचा वेग मोजत असल्यासारखी. तो कंटाळून बाकावर बसला. मग ती शेजारी येऊन बसली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत बोलत राहिली. मी मुलगी होते तेव्हा कारखान्यात फुलं रंगवायचे, ती म्हणाली. ट्यूलिप. दिवसभर ट्यूलिप, मोरपिसं, ट्यूलिप. छान रंगवायचे. मग युद्धाचा शेवटचा हिवाळा आला आणि खायला काही उरलं नाही. आम्ही ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. माझी आई ते खाऊन आजारी पडली आणि गेली. शांतता झाली, कारखाना उघडला, मालक म्हणाले, चला, ट्यूलिप. मी ब्रश उचलला आणि मला उलटी झाली. मग कितीतरी दिवस मी फक्त काळा रंग द्यायचे. भांड्यावर नुसता काळा. मग एक दिवस ही चित्रं पाहिली आणि वाटलं, अच्छा, नखाने ओरखडलं तरी चालतं. ती हसली होती, सिगरेट शोधायला खिसे चाचपत होती, आणि म्युझियममध्ये ओढायची नाही हे आठवून परत ठेवत होती. सुमंतने 'ओ, आय सी' म्हटलं होतं. त्याला गरम चहा हवा होता. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात तो नव्हता. बाहेरचा ठिपका कोण होता, हे त्याने तिला कधी विचारलं नाही. विचारायचं सुचणारच कसं, त्याला वाटत होतं तो ठिपका सांगलीचा आहे. कार्डावरही ते नव्हतं. कार्डावर फक्त मिरो होता. त्याला एकदम वाटलं, जाऊन त्या पेन्सिलवाल्या बाईला हे सांगावं. आणि लगेच वाटलं, ती पुन्हा तसंच ऐकेल, मान कलती करून, 'ओ वाव' म्हणेल, आणि मनात म्हणेल, आज दुसरी गोष्ट घेऊन आला.

तरी तो गेला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी वसुधा योगाच्या क्लासला गेली तेव्हा त्याने किल्ली घेतली. गाडी चालवू नका असं आसावरीने बजावलं होतं. पाऊस होता, बारीक, न थांबणारा, पानांचा चिखल करणारा. म्युझियम उघडायला वेळ होता. पार्किंग लॉटमध्ये गाडी बंद करून तो बसून राहिला, आणि काचा त्याच्या श्वासाने पांढुरक्या होत गेल्या. त्याने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिथे रात्रीच्या जेवणाची वेळ. कुमुद, त्याची धाकटी बहीण, एकटीच राहत होती, ऐकायला कमी येत होतं, आणि फोन उचलला की आधी नेहमी तिचा कान दिसायचा.

"दादा? आज मध्येच? वहिनी बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. कुमुद, ऐक, एक विचारायचंय. आई कुठली रांगोळी काढायची?"

"काय?"

"रांगोळी! आई! दारात!"

कान गेला आणि चेहरा आला. केस पूर्ण पांढरे, पुढचा एक दात नाही. "आई कुठली रांगोळी काढायला," ती म्हणाली. "तिला खाली बसवतच नव्हतं. मी धाकटी, मला काही कळत नव्हतं तेव्हापासून तिचे गुडघे गेलेले. मी काढायचे."

"तू?"

"मग कोण? सडा मी, रांगोळी मी. थंडीत बोटं वळायची नाहीत. उकिडवी बसलेली असायचे उंबऱ्याशी, आणि तू मला ओलांडून कॉलेजला जायचास." ती हसली. तक्रार नव्हती. "एकदा पाय लागला तुझा, पाठीत. तू सॉरीसुद्धा म्हणालास. इंग्रजीत."

पाऊस टपावर वाजत होता. सुमंतला ते पांढरं, ताजं, उडी मारायला लावणारं काहीतरी आठवलं, आणि त्याच्या वर वाकलेलं काही आहे का ते तो बघू लागला. एक वेणी. परकराचा घोळ. किंवा हे आता तिने सांगितलं म्हणून दिसतंय. काही सांगता येत नव्हतं. आता तर काहीच सांगता येत नव्हतं. "पाच ठिपके," तो म्हणाला, "एक रेषा, अशी वळसे घेत जाणारी, आणि एक ठिपका बाहेर ठेवलेला, अशी कधी काढायचीस का तू?"

"बाहेर?"

"रेषेच्या बाहेर. एकटा."

"ठिपका बाहेर टाकून कोण उठेल रे? अर्धवट रांगोळी दारात? आणि वळसे कसले? आपल्याकडे ठिपके जोडतात. ते वळसे तिकडे खाली मद्रासकडे."

"मग तू काय काढायचीस?"

"आता काय आठवतंय. रोज वेगळी असायची. कुणी विचारलं नाही कधी. दुपारपर्यंत पुसलीच जायची. साडीच्या काठावरचं बघून काढायचे, कॅलेंडरवरचं बघून. एकदा तुझ्या पुस्तकातलं पण काढलं होतं, ते गोळ्या-गोळ्यांचं, काड्या जोडलेलं. आईने शिव्या दिल्या, हे काय अभद्र म्हणून. मला आवडलं होतं."

"आठव ना. एखादी तरी."

"दादा, काय झालंय?"

"काही नाही. एखादी आठव, कुमुद."

ती काही वेळ नुसती बघत राहिली, कॅमेऱ्याच्या थोडं खाली, सगळी म्हातारी माणसं बघतात तशी. मग म्हणाली, "थांब हं. ओट्यावर काढते, खाली बसवत नाही आता माझ्यानेही. काळा ग्रॅनाइट आहे, छान उठेल." तिने फोन कशाला तरी टेकवला. तो तिथे क्षणभर राहिला, डब्याचं झाकण आणि तिची कोपरं दिसली, आणि मग घसरून उताणा पडला. सुमंतला छत दिसायला लागलं. छत, आणि मधोमध फिरणारा पंखा. "कुमुद, फोन पडला!" तो ओरडला. डबा उघडल्याचा आवाज आला. "कुमुद! मला छत दिसतंय! फोन उचल!" ती काहीतरी पुटपुटत होती, त्याच्याशी नाही. बांगडी ग्रॅनाइटवर वाजत होती. टक. मग थोडी सरकल्याचा आवाज. टक. ती ठिपके देत होती. तो गाडीत एकटा, सगळ्या काचा बंद, गळा ताणून तिचं नाव ओरडत होता, आणि शेजारच्या गाडीतून उतरणारी एक मुलगी छत्री उघडता उघडता त्याच्याकडे बघत होती. पंखा फिरत राहिला. टक टक थांबली. आता रेषा चालली असणार, कारण काही ऐकू येत नव्हतं, फक्त मधूनमधून तिचा श्वास, आणि एकदा 'अं हं' म्हणून हाताने काहीतरी पुसल्याचा आवाज, आणि पुन्हा तो शांत, लांबत जाणारा वेळ. सुमंतने ओरडणं सोडलं. त्याने फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, तिरका केला, जणू कडेने वाकून ओट्यावर डोकावता येईल. पंखाच दिसला. त्याच्या पात्यांवरची धूळही दिसली.

"झाली," तिचा आवाज आला, दमलेला, खूश. "ही बघ, हीच असायची पाडव्याला. हात गेला बाई बरोबर. दिसतेय का रे?"

"नाही," तो म्हणाला.

पंख्याच्या आणि त्याच्या मध्ये तिचा चेहरा आला, उलटा, फार मोठा, कपाळावर पिठाचं बोट. "नाही दिसत?" ती म्हणाली. "मग इतका वेळ बघत काय होतास?"